च्या निवायलाय

३ डिसेंबर, मंगळवार
राणीसावरगाव

सा. (लेक) पहाटेच मोटरसायकल काढून गेली. कुणाची तरी म्हैस अडलीय. ती गुरांची डॉक्टर झाली तेव्हा हौसेनं पेढे वाटले होते. तिच्या बदलीमागं देवगड सोडून इथवर यावं लागेल, हे तेव्हा कुणी बोललं नव्हतं. समुद्र नाही, माड नाही, भात आपला नावाला. ऊन मात्र झकास. अंगणात खुर्ची टाकून बसलं की पाठ अशी शेकते की बस्स.

घरमालक आबा आणि गयाबाई अंगणापलीकडच्या सोप्यात. दोघंच. मुलगा दिगंबर पुण्याला कंपनीत. रोज सकाळी गयाबाईंची आरोळी: "ओ पाव्हणे, या! च्या निवायलाय!"

निवतोय नाही, निवायलाय. येतोय नाही, यायलाय. उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात हेडफोन लावून काढली, सगळ्या महाराष्ट्राची मराठी या कानांतून गेली, पण हे 'लाय' काही घशाखाली उतरत नाही. सा. पटकन शिकली. मी नाही शिकणार.

आणि ते 'पाव्हणे'. गुढीपाडव्यापासून इथं आहे. अजून पाव्हणाच?

५ डिसें., गुरु.

बाबीचा फोन. (धाकट्या भावाचा मुलगा, घराची चावी त्याच्याकडे.) शाळेत नवीन बाई आल्यात, नवराबायको आपलं घर भाड्यानं मागतायत. माणसं चांगली. "काका, तुमी येतलास तर मी तेंका नाय सांगतंय. पण अवशीपर्यंत काय तां सांगा." अवशी म्हणजे अमावास्या, आमच्या बाबीची.

दिलं की गेलं. दुसऱ्याचं बिऱ्हाड एकदा बसलं की मी गावी जाऊन उतरणार कुठं? बाबीकडे, पाहुणा म्हणून. म्हणजे इथं पाव्हणा आणि तिथं पाहुणा.

सा.ला विचारलं. ती भांडी घासत होती, मागं वळलीच नाही. म्हणाली, "मला विचारू नका बाबा. मी सांगितलं तर तुम्ही ऐकाल."

८ डिसें., रवि.

बाबीचं पार्सल आलं. सुकट, सुके बांगडे, कोकमं. पिशवी नुसती उघडली आणि डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. सा. बाहेर गेल्यावर दार लावून दोन बांगडे गॅसवर भाजले.

थोड्या वेळानं बाहेर गडबड. गयाबाई हातात काठी घेऊन अंगणभर, कोपरान्‌कोपरा. खाटेखाली, कडब्याच्या गंजीत.

"काय शोधताय?"

"उंदीर मेलाय वो कुठंतरी! लय परेशान केलंय वासानं. तुमाला न्हाई येत?"

मी म्हटलं, नाही येत. तोंडात बांगड्याचा घास. मग आबा आले, तेही वाकून वाकून बघायला लागले. त्यांच्या खुब्याचं दुखणं मला माहीत, शेवटी राहवेना. कबूल केलं.

गयाबाईंच्या घरात माळ आहे, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. आता खोली खाली करा म्हणणार असं वाटलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "म्हंजी ह्ये तुमी खाताव? जाणूनबुजून?"

आबा इतके हसले की खाली बसावं लागलं.

९ डिसें., सोम.

सकाळी बघतो तर अंगणाच्या टोकाला, लिंबाखाली तीन दगडांची चूल. गयाबाईंनी स्वतः मांडलेली, मातीनं लिंपलेली. "हितं भाजा तुमचे उंदरं. वारं तिकडल्या अंगाला जातंय."

माझी वेगळी चूल मांडली हा मान समजायचा की वाळीत टाकणं, कळेना. पण संध्याकाळी तिथं बसून सुकट परतली. वर लिंब, समोर ज्वारीचं रान, लांबवर मेंढरांचा कळप रस्त्यानं चाललेला. बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

१३ डिसें., शुक्र.

भाकरी शिकायचा आज दुसरा दिवस. थापता थापता कोपरे येतात. गयाबाई म्हणतात, भाकरीला कोपरे आणणारा माणूस जन्मात पहिल्यांदा बघितला. माझी भाकरी कुत्र्याला घातली. वास घेऊन गेलं मेलं.

आबा म्हणाले, संक्रांतीच्या आसपास हुरडा येईल, "तवर हाव न्हवं तुमी?" मी म्हटलं बघू. ते सुपारी कातरत राहिले.

बाबीला अजून काही सांगितलेलं नाही.

१८ डिसें., बुध.

आबांनी आज अचानक विचारलं, "पाव्हणे, मानंचं दुखणं काय न्हाई ना तुमाला? डोक्यावर वजन घेतलं तर?"

म्हटलं, बालपण आंब्याच्या पाट्या वाहण्यात गेलं, मान दगडाची आहे. "मग झालं," म्हणाले आणि उठून गेले. पोतीबिती हलवायची असतील कुठली.

२१ डिसें., शनि.

गावात दुसरा विषय नाही. येळवस, येळवस, येळवस. वेळ अमावास्या. त्या दिवशी सगळा गाव रानात जेवतो म्हणे. कडब्याची कोप (खोपटं) करायची, पूजा, रानभर आंबील शिंपायची आणि मग आल्यागेल्याला पोटभर वाढायचं. ज्याचं शेत नाही त्याला शेतवाले आवतन देतात. आवतन म्हणजे आमंत्रण.

स्टँडवर चहा प्यायला गेलो होतो. हॉटेलवाला बाकावरच्या एकेकाला सांगत होता, येळवशीला आमच्या रानात या, तुमी पण या. कंडक्टरला सांगितलं, औषधाच्या दुकानदाराला सांगितलं. मी दोघांच्या मधे बसलेलो. माझ्यावरून नजर अशी सरळ पुढं गेली.

चहा अर्धा ठेवून उठलो.

२३ डिसें., सोम.

सा.ला पाच ठिकाणची आवतनं. तिनं सरपंचांचं घेतलं, त्यांच्या गायीचं मोठं ऑपरेशन केलं होतं. "मी तिकडे जाऊन येईन. तुम्ही काय, आबांकडे असालच."

मी हूं म्हटलं. मला कुणी बोलावलेलं नाही हे पोरीला काय सांगायचं.

२६ डिसें., गुरु.

गयाबाईंकडे दिवसभर कांडण-दळण. तूर सोलतायत, वाल सोलतायत, ताकात ज्वारीचं पीठ आंबवायला घातलंय. आज भाकरीचा क्लास नाही. मी सोप्याच्या पायरीवर मुद्दाम बसलो. पेपर दोनदा वाचला. म्हटलं आता बोलतील. त्या आल्या आणि म्हणाल्या, "पाव्हणे, तुमचा त्यो पांढरा टावेल द्या, धुवून ठेवते."

बस्स. टॉवेल. बोलावणं नाही, काही नाही, टॉवेल.

सुमन, माझी बायको, आज असती तर म्हणाली असती, फुगलात ना? हो, फुगलोय. माणसानं कुणाच्या अंगणात पाडव्यापासून रोज चहा प्यावा आणि वर्षाच्या सणाला त्याला एका शब्दानं विचारू नये? शेजारच्या किराणावाल्याला आबा स्वतः जाऊन सांगून आले. माझ्या डोळ्यांदेखत.

२८ डिसें., शनि.

बाबीला फोन केला. सांगितलं, घर देऊ नको, मी येतोय. कायमचा. शुक्रवारी निघतो. तो खूश झाला, म्हणाला विहिरीचा पंप दुरुस्त करून ठेवतो.

सा.ला जेवताना सांगितलं. "बरं," म्हणाली. मग बराच वेळ नुसता भात चिवडत बसली. माझ्यानं तिच्याकडे बघवेना.

हा निर्णय बरोबर आहे. माणसानं आपल्या घरी राहावं.

३० डिसें., सोम. अमावास्या

पहिल्यापासून लिहितो, नाहीतर घोटाळा होईल.

सकाळी उजाडायच्या आधी गाव रिकामं. गाड्या, ट्रॅक्टर, पोरंबाळं, टोपली, सगळं रानाकडं. आबा-गयाबाई कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून गेले. सा. गेली. सोप्यात एक मडकं तेवढं ठेवलेलं होतं, झाकण म्हणून वर माझा पांढरा टॉवेल! टॉवेलही मडक्याला घातला. असा संताप आला म्हणून सांगू.

मग म्हटलं आपणही सण करू. लिंबाखालच्या चुलीवर शेवटचे बांगडे लावले. आज उंदीर शोधायला गावात कुणी नव्हतं.

बांगडे उलटतोय तोच फाटक वाजलं. गयाबाई. एकट्या, चालत आलेल्या, पदर कमरेला खोचलेला, घामाघूम.

"काय करायलाव तुमी हितं?"

"जेवण करतोय."

"मासळी? येळवसच्या दिशी? आरं देवा!" डोक्याला हात लावून खालीच बसल्या. "तिकडं सगळी माणसं खोळंबलीत. आबा उन्हात बसल्यात. आंबील शिपायची राह्यलीय. मी सकाळपस्नं वाट बघायले, पाव्हणे मडकं घिऊन आता येतील, मंग येतील, आन् तुमी हितं उंदरं भाजायलाव!"

"मला कुणी सांगितलं?"

"आबांनी न्हाई सांगितलं?"

"नाही. मानेचं विचारलं फक्त."

"मंग मानंचं कशाला इचारलं आसंल? आंबिलीचं मडकं घरच्या माणसानं डोक्यावर न्यायचं अस्तंय. आबांचा खुबा ग्येला, दिगंबरला सुट्टी न्हाई. मंग कोण नेणार, किराणावाला व्हय?"

मी म्हटलं, पण बोलवायचं तरी. सगळ्या गावाला आवतन दिलंत.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, बांगड्यांच्या दिवशी बघितलं होतं तसंच. "घरच्या माणसाला आवतन द्यायचं अस्तंय का वो? आमच्यात जो घरच्याला आवतन दील त्याला येडा म्हंत्यात."

मी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. त्यांना वाटलं धूर लागला.

"उठा, आंघोळ करा. डोस्क्यावरून. साबण लावून दोनदा करा, त्या वासानं लक्षुमी रानातून पळून जाईल."

दोनदा केली. टॉवेलाची चुंबळ डोक्यावर, त्यावर मडकं (टॉवेल त्यासाठी होता!), अंगावर आबांची घोंगडी, पायात काही नाही. काळ्या मातीची ढेकळं तळव्यांना टोचत होती. आंबील कानामागून मानेवर गळत होती. पुढं गयाबाई, मागून मी. वाटेतल्या रानांतून लोक हाका मारत होते, "आलं का आबाचं मडकं!" त्यांत हॉटेलवालाही होता. मी विचारलंच, मला का नाही बोलावलंस? तो म्हणाला, "आबाचा माणूस मी कसा पळवू? आबा भांडंल की!"

आबांनी कोपीपुढं मडकं उतरवून घेतलं. माझ्या पाठीवर हात ठेवला तो पूजा संपेपर्यंत तसाच होता.

मग भज्जी. पालेभाज्या, वाल, तूर, वाटाणे, सगळं एकत्र शिजवून बेसनात घोटलेलं. बाजरीचे उंडे. वर ग्लासभर आंबील. किती खाल्लं ते विचारू नये. सा. सरपंचांकडून दुपारी आली, मला घोंगडीत बघून तिनं फोटो काढला आणि मग तोंड फिरवून उभी राहिली. शुक्रवारचं तिनं कुणाला सांगितलेलं नाही. मलाही सांगता आलं नाही.

येताना गयाबाईंना विचारलं, घरचा ना मी, मग पाव्हणे का म्हणता?

"मंग काय म्हणू? नावानं हाक मारू व्हय, गडीमाणसाला?" असं म्हणून इतक्या लाजल्या की मीच पुढं चालायला लागलो.

३१ डिसें., मंगळ.

सांगितलं एकदाचं. गयाबाई लिंबाखाली होत्या, माझी चूल लिंपत. काल पळापळीत एक दगड हलला होता.

"मी शुक्रवारी गावी जातोय. राहायला."

हात थांबले नाहीत. "जावा की."

"चूल कशाला लिंपताय मग?"

"तुमी जायलाव. चूल कुठं जायलीय?"

आबांना कळल्यावर ते रानात गेले. दुपारी आले तेव्हा हातात ज्वारीचं एक कणीस. माझ्यापुढं ठेवलं. दाणा चिमटून बघितला, अजून कोवळा आहे, दुधाळ. आणखी पंधरवडा तरी.

बॅग काढलीय. सा.नं तिच्यावर धुतलेले कपडे ठेवलेत. बॅगेत नाही, बॅगेवर. यातून काय समजायचं?

१ जानेवारी, बुध.

सकाळी बाबीचा फोन. "काका, घर झाडून ठेयलंय. पंप चालू झालो. शुक्रवारी येतलास मा? बाईंका आज पक्कां नाय सांगूचां हा."

समोर सगळं दिसलं. पडवी, माड, विहिरीचा रहाट. काय बोलायचं ते तोंडापर्यंत आलं होतं. इतक्यात अंगणातून आरोळी आली, रोजची.

मी फोनमध्ये म्हटलं, "थांब रे बाबी जरा. च्या निवायलाय."

"काय? काका, ह्यां काय बोलतास?"

मलाच कळेना मी काय बोललो. मग कळलं आणि हसू आवरेना. फोन तसाच कानाला धरून अंगणात आलो. गयाबाईंनी कप पुढं केला, आबांनी खाटेवर सरकून जागा केली. चहा खरंच निवत आला होता. पहिला घोट घेतला तेव्हा बाबी अजून लायनीवर होता, हॅलो हॅलो करत.