नीलाबाईचा पत्रा आणि दोन पंखांचं विमान

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
लातूर, ज्येष्ठ शुद्ध एकादशी

तीर्थस्वरूप सौ. सिंधुवन्सं यांना गोदावरीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. शेषेरावांचा दमा, गाईचं नवं वासरू आणि तुमचे गुडघे ठीक असतील असं धरून पुढं लिहिते (अंतर्देशीय पत्र आहे, जागा पुरवायची आहे).

तुमची उज्ज्वला अकरावीच्या क्लासला लातूरला येणार, पण राहणार कुठं ते तुमचं ठरेना. म्हणून शेजारच्या नीलाबाईबद्दल थोडं. मला तिचा हेवा नाही. भूकंपाला तीन वर्षं होत आली तरी पोरी स्लॅबखाली झोपायला भितात, हे हेरून तिनं अंगणात पत्र्याच्या खोल्या टाकल्या आणि माझ्याकडं राहून-जेवून शिकणाऱ्या दोन पोरी नेल्या. (देवापुढं मी तिचंही भलं मागते, माझं मागून झाल्यावर.) राहिली एकटी सादिया, अर्धापूरची. तिला विमानांचं वेड. बांबूच्या काड्यांचं, एकावर एक दोन पंखांचं विमान केलंय. पंखांच्या कापडाला माझी भाताची पेज लावली, तर ते ढोलकीसारखं ताणलं. पेज वाया गेली न्हाई, म्हणून मी बोलले न्हाई.

ती सांगते, पहिल्या महायुद्धात अशी विमानं आधी लढायला नव्हतीच, नुसती शत्रूचं बघून यायला. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं बघून कागदावर काढायचं. मला तिथंच मार्ग दिसला. पत्र्याशिवाय पोरी नीलाबाईकडं आणखी कशाला भुलल्या ते नुसतं बघण्यात कसलं पाप? गच्चीवर ह्यांना शिडी धरायला लावली, मी वर. तर तिचा पत्राच आडवा! सादिया म्हणाली, "काकू, त्यांचंबी असंच झालतं. बघणाऱ्याला पुढं बसवलं, अन् खालचा पंखच नजरेच्या आड." मग काही विमानांत इंजिन मागं नेऊन पुढचं मोकळं केलं म्हणे. आम्ही शिडी दुसऱ्या कडेला नेली. तिथं ती डुगडुगायला लागली. त्यावर सादिया म्हणे, विमान इतकं स्थिर केलं, की चालवणाऱ्यालाही खाली बघता यावं. हे तिनं ह्यांच्यादेखत बोलायला नको होतं. शिडी भिंतीला टेकवून हेही बघायला लागले, अन् म्हणाले, "काय फोडणीचा वास हाय गं!" (माझ्या वरणाला आजवर नुसतं "हं".)

मी मान वळवते तर वन्सं, नीलाबाई पाण्याच्या टाकीवर चढून माझ्या स्वयंपाकघरात बघून राहिली! तिनं हात हलवला. मीही हलवला, काय करता? सादिया हसून लोळली. सुरुवातीला शत्रूची विमानंही एकमेकांना असाच हात करायची म्हणे. मी विचारलं, "मग पुढं?"

"पुढं विटा फेकायला लागले, काकू. मग बंदुका."

भूकंपाच्या डागडुजीतल्या दोन विटा मी गच्चीवर नेऊन ठेवल्यात. नुसत्या ठेवल्यात.

लहानांना आशीर्वाद.
तुमची भावजय,
गोदावरी

ता. क. खरं सांगू? उज्ज्वलाला नीलाबाईकडंच ठेवा. फोडणीत काय टाकते ते दर रविवारी तिनं मला येऊन सांगायचं. बघणारं माणूस आतच बसवलं, की शिडी नको.

आणखी ता. क. (कडेला लिहिलंय, पत्र फिरवून वाचा.) नको. पोरीला तिथलं वरण आवडलं तर? माझ्याकडंच पाठवा. तुमच्या भावाला मात्र विचारू नका. हल्ली ते नीलाबाईच्या भिंतीकडं तोंड करून जेवतात.