सुतळीची सैल गाठ

नाशिक, रविवार

ती. ताईस दीपकचा नमस्कार.

आधी एक गंभीर तक्रार. तू वरंधहून धाडलेल्या फेण्यांच्या पिशवीची सुतळी एका ओढीत सुटली. आजवर तुझी गाठ मी दातांनी सोडत आलोय. माझे दोन दात त्याच सत्कार्यात पडले, असं वर्गात सांगतो.

फेण्या उत्तम. मी बरा आहे. मुलं संस्कृतात पास होतायत, म्हणजे देव आहे.

परवा इथल्या वैद्यांकडे तुझ्या आमवाताचा विषय काढला. मी तुला रोज तेल चोळायला सांगितलं, हे ऐकून त्यांनी हातातला खल खाली ठेवला.

"सर, सांधे असे सुजलेले असताना तेल नाही चोळत. गरम वाळूच्या पुरचुंडीने कोरडा शेक देतात. आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला कोणी सांगितलं?"

मीच. आयुर्वेदाची पोथी वाचता येते म्हणून मी वैद्य झालो. तू म्हणालीस, "तू शिकलेला हायस, तुझं चुकायचं नाय." मी तेलाची ओळ वाचून पोथी मिटली होती. पुढचं पान वाचलंच नाही.

हे पत्र मिळताच अंकिताला घेऊन महाडला डॉक्टरांकडे जा. गोळ्या भावाने बंद करायला लावल्या, असं स्पष्ट सांग. सुनेसमोर माझी लाज राखू नकोस. सकाळी मूठ मिटते का गो? तांदूळ निवडता येतात?

फोनवर हे बोलवलं नसतं. ताई, तुझ्या बोटांत गाठ आवळायचं बळ उरलं नाही आणि ते माझ्यामुळे गेलं, याची मला भीती वाटते.

तुझा,
दीपक