गिलच्या अंगणातलं गवत

६ मार्च २०१०
घर सापडलं. मेसा शहर, कोपऱ्याचा प्लॉट, पुढे हिरवळ (सध्या वाळलेली), मागे लिंबाचं झाड आणि पोहण्याचा तलाव (सध्या शेवाळलेला). मालक गिल रुएलासचं कर्ज घराच्या किमतीहून मोठं, म्हणून शॉर्ट सेल. विकतो मालक, तोटा सोसते बँक, त्यामुळे होकारही बँकेचाच हवा. मागणी एक लाख वीस हजार डॉलर. मी एक लाख चार हजारांची बोली दिली. आमची एजंट रोंडा म्हणाली, जरा वाढवा. मी गप्प राहिलो. गप्प राहणं म्हणजे अर्धा सौदा.
गिलने तासाभरात सही केली. दबला असावा.

७ मार्च
सध्या सासूबाईंच्या गॅरेजमध्ये राहतो. त्यांना सांगितलं, मेअखेर तुमचं गॅरेज रिकामं करतो. त्या म्हणाल्या, कुठल्या सालच्या, जावईबापू?
बायकोला, शार्लीनला, सप्टेंबरात बाळ होणार. बाळाच्या खोलीसाठी तिने पिवळा रंग निवडला.

१९ एप्रिल, सकाळ
बँकेचं उत्तर नाही. आमचे कागद सापडत नाहीत म्हणे. रोंडाने पुन्हा फॅक्स केले. ही चाल मी ओळखतो. माझा धीर जोखताहेत. मी फोन करणार नाही.

१९ एप्रिल, दुपार
फोन केला. बराच वेळ संगीत ऐकवलं. वाईट नव्हतं.

८ मे
रोंडाने दुसरं घर दाखवलं. साधा व्यवहार, महिन्याभरात किल्ली. लिंबाचं झाड नाही. नको म्हणालो. परतताना शार्लीन गाडीत एक अक्षर बोलली नाही. तिलाही पटलं असावं.

१२ जून
घरासमोरून गाडी नेली. गवत पापडासारखं. माझ्या घराची ही दशा! गिल सावलीत खुर्ची टाकून बसला होता. विचारलं, पाणी घालू का? म्हणाला, घाल की. नळ तिथे आहे. बिल मी भरत नाही, पाणी तोडेपर्यंत मजा कर.

२० जून
गवताने जीव धरला. कुंपण रंगवलं, बाळाची खोलीही पिवळी केली. तलाव निळा केला. गिल बिअर पीत मार्गदर्शन करतो. आज म्हणाला, तो कोपरा राहिला, वेंडेल. माझी बायको इथे असती तर तो होईपर्यंत तिने तुला जेवायला दिलं नसतं.

२४ जून
बँकेने किंमत ठरवायला एक बाई पाठवली. योगायोगाने मी तिथेच होतो. सगळं स्वतः फिरून दाखवलं. लिंबाचं सरबत दिलं. म्हणाली, या गल्लीत इतकं राखलेलं घर दुसरं नाही. मी म्हटलं, मेहनत आहे.
बँकेत आता आपलं माणूस आहे.

१५ जुलै
बँकेचं उत्तर आलं. एक लाख सदतीस हजार हवेत.
रोंडाने विचारलं, त्या घराला रंग कुणी दिला? मी विषय बदलला. शार्लीनने बदलू दिला नाही.

१६ जुलै
ठाम राहायचं. एक लाख चारच्या वर एक डॉलर नाही.

१७ जुलै
एक लाख दहा.

२ ऑगस्ट
पेटिट नावाच्या माणसाने रोख मोजून घर घेतलं. मेमध्ये पाहिलेलं घरही गेलं.
बाजार अजून पडणार आहे. आपण सुटलो.

११ सप्टेंबर
मुलगी झाली. सासूबाईंनी गॅरेजमध्ये पाळणा बांधला. म्हणाल्या, मेअखेर काढीन.

१ ऑक्टोबर
घरात राहायला आलो! पेटिटने भाड्याने दिलं. अखेर घर मिळवलंच, तेही कर्ज न काढता. किल्ली देताना तो म्हणाला, अंगण आणि तलाव भाडेकरूने सांभाळायचा. तुम्हाला सवय आहे, गिल सांगत होता.
संध्याकाळी गवताला पाणी घातलं. कोपऱ्यालाही. शार्लीन बाळाला घेऊन पिवळ्या खोलीच्या खिडकीत उभी होती. म्हणाली, पुरे. फार हिरवं झालं तर पेटिट भाडं वाढवेल.
नळ बंद केला.