लोनोचे चार महिने

होनोलुलू,
४ ऑक्टोबर १९७१

चि. आनंदीस शिवादादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

घाबरू नकोस, पण जहाजावर साखळी पडून माझ्या डाव्या पायाचं हाड मोडलं. जहाज पुढे गेलं, मी इथल्या इस्पितळात आहे. आईला पाय मुरगळला एवढंच सांग.

शेजारच्या खाटेवर केओकी नावाचा म्हातारा कोळी आहे, इथल्या मूळच्या लोकांपैकी. माझ्या मोडक्या इंग्रजीला हसतो आणि दिवसभर त्यांच्या जुन्या देवांच्या गोष्टी सांगतो. मोठे देव चार. काने म्हणजे ऊन, गोडं पाणी, जीव. कानालोआ समुद्राचा. दोघे जिवलग, गावोगाव हिंडायचे आणि तहान लागली की काठी आपटून झरा काढायचे. आपल्या मुर्ध्यात आले असते तर तुझी हंड्यामागची पायपीट वाचली असती! तिसरा कू, लढाईचा. पण होडी कोरणारेही त्यालाच पुजायचे. चौथा लोनो, पावसाचा नि पिकांचा. संध्याकाळी पूर्वेला कृत्तिका दिसू लागल्या की लोनोचे चार महिने लागायचे. तेवढा काळ लढाईला बंदी, अगदी राजालासुद्धा.

हे बाबांना वाचून दाखव. परशुराम काकांचं नाव मी त्यात मुद्दामच घेतलेलं नाही; ही ओळ तेवढी वाचू नकोस.

तुझा,
शिवादादा


मुर्धा, भाईंदर,
२४ ऑक्टोबर १९७१

ती. शिवादादास आनंदीचा सा. न. वि. वि.

आईने मला लगेच पकडलं. मुरगळलेल्या पायासाठी कोण इस्पितळात पडून राहतं, असं म्हणून तिने मला सगळं पत्र वाचायला लावलं. आता ती रोज तुझ्या नावाने दिवा लावतेय.

काकांच्या मंदाचं लग्न माघात ठरलंय. काकीने कुंपणापलीकडून आईला सांगितलं आणि रडली. दगडूबाबांनी, म्हणजे आपल्या बाबांनी, अक्षता टाकल्याशिवाय मी उभी राहणार नाही, असं मंदा म्हणतेय. बाबांचं तेच पालुपद. परशुरामाने माझ्या विठूला आपल्या होडीतून नेला आणि त्याच्याशिवाय परत आला, त्याच्या मांडवात मी पाय ठेवणार न्हाय. विठूदादाला जाऊन पाच वर्षं झाली, तरी काकांचं नावही घरात काढता येत नाही.

तुझं पत्र मात्र बाबांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, त्या म्हाताऱ्याला विचार, ते चार महिने कू काय करतो? आणि ज्यांची पोरं गेलीत ती माणसं कशी गप्प बसत होती?

पायाला जप. माझी आठवण ठेव.

तुझी,
आनंदी


होनोलुलू,
८ नोव्हेंबर १९७१

चि. आनंदीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

केओकीला विचारलं. या वेळी तो हसला नाही. म्हणाला, कूला कुणी हाकलत नाही, त्याचं देऊळ तेवढं बंद राहतं. माफ करा असं कुणी कुणाला सांगत नाही. हात उगारायचा नाही, बस. लोक जेवायचे, खेळायचे, कुस्त्या धरायचे. चार महिन्यांनी ज्याला भांडायचं तो मोकळा.

हे त्याने आजीकडून ऐकलेलं. त्यांच्याच राजघराण्याने दीडशे वर्षांपूर्वी जुनी पूजा मोडली, आणि केओकी स्वतः रविवारी चर्चमध्ये जातो. तरी पहिला मासा किनाऱ्यावरच्या एका दगडावर ठेवतो. पाद्र्याला सांगत नाही.

काकांचा राग मलाही आहे, आनंदी. पण मंदाने काय केलंय?

तुम्हा सर्वांचा,
शिवा


मुर्धा,
२२ मार्च १९७२

ती. शिवादादास सा. न. वि. वि.

तू नव्या जहाजावर चढलास हे कळलं. आईने गावभर पेढे वाटले.

तुझं पत्र आल्यावर बाबा तीन संध्याकाळी बांधावर जाऊन पूर्वेला कृत्तिका बघत उभे राहिले. चौथ्या दिवशी घरात येऊन म्हणाले, चार महिने. माफ केलेलं न्हाय, नुसता थांबलोय, असं आम्हाला तीनदा बजावलं. डिसेंबरात लढाई लागली, घरोघर काचांना काळा कागद लागला, तेव्हा म्हणाले, आपल्याकडे तर कूचं देऊळ सताड उघडं हाय.

माघात ते मांडवात गेले. मंदावर अक्षता टाकल्या. काका स्वतः पाणी वाढत होते. बाबांनी पेला पुढे केला.

चार महिने या रविवारी संपले. सकाळीच बाबा काकांच्या घराकडे निघाले. आई घाबरली, तिने मला मागे धाडलं. बाबा काकांच्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, त्या दिवशी काय झालं ते सांग.

काका म्हणाले, पाच वर्षांत हे तू पहिल्यांदा विचारतोयस. जाळं पाण्याखाली खुंटाला अडकलं होतं. काका नको म्हणेपर्यंत विठूदादाने बुडी मारली. काकांनी त्याच्यामागे चार बुड्या मारल्या. चौथ्या वेळी राई गावच्या होडीवाल्यांनी त्यांना ओढून काढलं आणि पुन्हा उडी मारू नये म्हणून डोलकाठीला बांधून आणलं. सोडवून घ्यायला ते इतके झगडले की दोरीचे व्रण अजून मनगटावर आहेत.

बाबांनी ते मनगट हातात घेतलं. किती वेळ सोडलंच नाही. मी आईला बोलवायला धावले.

काकांना दोन ओळी लिही, दादा. त्यांना वाचता येत नाही, मी वाचून दाखवीन. दुरून का होईना, आम्हा सगळ्यांवर जीव असू दे.

तुझी,
आनंदी