खड्डा क्रमांक १७४६

रविवार, २६ ऑगस्ट २०१८
गहू कापून झाला. कॅचपोलचं नदीकाठचं शेत मोकळं, नुसती खुंटं उरलीत. बारा वर्षं या शेतावर धातू शोधायचं मशीन फिरवतोय, पण यंदा सोनं निघणार. माझ्या नाकाला कळतं.

कॅचपोल फाटकावर भेटला. म्हणाला, सतरा सप्टेंबरला पेरणी, तोवर काय खणायचं ते खणून घे बाबा. म्हणजे तीन आठवडे. भरपूर झाले.

डॉरीन सोळा तारखेला वेल्सला जाणार, बहिणीकडे. 'कायमची', असं म्हणते. फेब्रुवारीत घर सोडलं तेव्हाही असंच काहीतरी म्हणाली होती. मी त्याला हवापालट समजतो. छत्तीस वर्षांचा संसार असा मोडत नसतो.

योजना: सोळाच्या आत एक रोमन सोन्याचं नाणं. मग पेपरात फोटो. फोटोत डॉरीन माझ्या डाव्या बाजूला. असा फोटो छापून आल्यावर कोण वेल्सला जातं?

आजची कमाई: बंदुकीची एक शिशाची गोळी, घोड्याची अर्धी नाल.

सोमवार, २७ ऑगस्ट
संकल्प: रोज सकाळी सहाला शेतात.

सकाळी ९.४०. आत्ता उठलो. सुट्टीचा दिवस होता, तो धरायचा नाही.

शनिवार, १ सप्टेंबर
पबमध्ये आमच्या मशीनवाल्यांच्या क्लबची बैठक. अध्यक्ष नॉर्मनने चांदीचं पेनी नाणं आणलं होतं, सातशे वर्षांपूर्वीचं. ते दाखवायला चष्मा सापडेना, कपाळावरच होता. काखेत कळसा नि गावाला वळसा. असल्या माणसांना चांदी मिळते.

नव्या सभासदांना मी आमचा मुख्य नियम समजावला. वस्तू निघाली की खड्डा लगेच बुजवायचा नाही, आधी त्यावरून मशीन पुन्हा फिरवायचं. पहिलीच्या खाली दुसरी असते. नवखे हर्षाने वेडे होतात आणि माती लोटून मोकळे. मी नाही. माझ्या वहीत चार हजारांवर खड्डे आहेत. क्रमांक, तारीख, खोली, वस्तू आणि शेवटच्या रकान्यात 'पुन्हा तपासलं', पुढे टिक. एक टिक राहिलेली नाही.

नॉर्मन म्हणाला, लेनर्ड, वस्तू राहू देत, तुझ्या टिकांचंच प्रदर्शन भरवू. सगळे हसले. मत्सर, दुसरं काय.

रविवार, २ सप्टेंबर
सकाळी आठ. (सहाला धुकं असणार, म्हणून.)

फाटकापाशी कुंपणालगत मशीनने नेहमीसारखा अठ्ठावन्न आकडा दाखवला. अठ्ठावन्न म्हणजे बिअरच्या डब्याची कडी. सोन्याची पातळ वस्तूही तोच आकडा देते, असं पुस्तकात लिहितात. पण अनुभवी माणूस कड्या खणत बसत नाही. ती पट्टी कॅचपोल नांगरतही नाही, त्यामुळे ही कडी काही हलत नाही. पाच-सहा वर्षं तिला ओलांडून जातोय. आता ओळख झाली आहे.

डॉरीनचा फोन. हिरवी किटली मी ठेवून घेतली का, म्हणून. ठेवून घेतली आहे. किटली न्यायला तरी येईल.

बोलता बोलता तिच्या लग्नाच्या अंगठीची आठवण निघाली. २०१२च्या नाताळात टर्की कापताना तिचं बोट मोकळं दिसलं होतं. विचारलं, तर म्हणाली, मशीन आहे ना तुझ्याकडे, शोध की. मी अख्खी बाग पालथी घातली होती. बाटल्यांची तीन बुचं निघाली. आज पुन्हा विचारलं, काही पत्ता? म्हणाली, तुला लागला का? मी म्हटलं, नाही. फोन तुटला. लाइन खराब असावी.

शनिवार, ८ सप्टेंबर
आठवडाभर: खिळे, खिळे, चमच्याचा दांडा. बॅटरी बदलली. माती फार कोरडी आहे.

मंगळवार, ११ सप्टेंबर
पाऊस. माती फार ओली आहे.

दुपारी डॉरीनचा फोन. सामान बांधून झालं म्हणाली. मग विचारलं, लेनर्ड, आज तारीख काय रे? मी म्हटलं, अकरा, पेरणीला सहाच दिवस उरले. ती म्हणाली, बरं.

संध्याकाळी ५. आज आमच्या लग्नाचा वाढदिवस. तिच्याही लक्षात नव्हतं, नाहीतर तारीख कशाला विचारली असती?

शनिवार, १५ सप्टेंबर
उत्तर कोपरा संपवला. काही नाही. कॅचपोलला म्हटलं, बाजूच्या विजेच्या तारांमुळे मशीन बिथरतंय. तो म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. बारा वर्षांत तुला सोनं गावलं नाही ते नाही, जाताना कचरा तरी उचलून जा. फाटकापाशी म्हणे डब्बे नि कड्या पडल्यात, मेंढ्यांच्या पायात जातात.

अडाणी माणूस. उद्या शेवटचा दिवस. उद्या नक्की.

रविवार, १६ सप्टेंबर
सकाळी ७. डॉरीनची ट्रेन दहा वीसला, इप्सविचहून. स्टेशनवर जाणार नाही. निरोप दिला की माणूस गेल्यासारखं होतं.

सकाळी ११. काही नाही. ती गेली असेल. कचरा उचलायला घेतो, निदान कॅचपोल तरी खूश.

दुपारी १. फाटकाबाहेर माझ्या मोटारीत बसून लिहितोय. अक्षर वाईट येतंय.

फाटकापाशीच्या त्या कडीपासून सुरुवात केली होती. फावडं केकमध्ये सुरी जावी तसं गेलं. माती आधी उकरलेली. म्हटलं, नॉर्मन चोरून येऊन गेला! आठ इंचांवर पिवळं दिसलं. बोटांनी पुसलं. अंगठी. आत कोरलेलं: ले. आणि डॉ., ११.९.८२.

वस्तू पडते ती गवतात पडते. आठ इंच खोल पडत नाही. उकरलेल्या मातीत आठ इंचांवर म्हणजे उघड्या खड्ड्यात टाकलेली. आणि इथे माझ्याशिवाय कोणी खणत नाही. वही काढली.

'११ सप्टेंबर २०१२. खड्डा क्र. १७४६. फाटकाशेजारी. पितळी बटण, एक. खोली आठ इंच. डॉरीन सोबत, थर्मास. पुन्हा तपासलं.' पुढे टिक.

लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून रजा काढून तिला इथे आणलं होतं. बटण निघालं आणि ते नीट बघायला मी उन्हात गेलो. ती खड्ड्यापाशी बसून राहिली. मी आलो, माती लोटली. तिने विचारलं होतं, पुन्हा नाही फिरवणार मशीन? मी म्हणालो, फिरवलं ना मघाशी. नव्हतं फिरवलं.

दुपारी ३. फोन केला. ती ट्रेनमध्ये होती. म्हटलं, अंगठी सापडली. कुठे, असं तिने विचारलंच नाही. म्हणाली, सहा वर्षं लागली रे तुला. म्हणाली, मला वाटलेलं दोन मिनिटं लागतील. मशीन वाजेल, तू हसशील, तशाच चिखलाच्या हातांनी माझ्या बोटात परत घालशील. एवढंच हवं होतं मला लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला. घरी येईपर्यंत तू त्या बटणाबद्दल बोलत होतास. नंतरही त्या शेतावरून तू आलास की मी आधी तुझं तोंड बघायचे. पाच वर्षं बघितलं, लेनर्ड.

मी म्हटलं, वेल्सला घेऊन येतो, उद्याच. म्हणाली, नको. वहीत लिहून ठेव आता. बोगदा येतोय, फोन जाईल.

फोन गेला. अर्धा तास थांबलो. एवढा लांब बोगदा नसतो. मग मोटारीतच रडलो. कॅचपोल काचेवर टकटक करून गेला.

सोमवार, १७ सप्टेंबर
सकाळी ६. शेतात. पहिल्यांदाच सहाला.

पेरणीयंत्र नदीच्या बाजूने सुरू झालंय. कुंपणालगतचा माझा खड्डा काल उघडाच राहिला होता. त्यावरून मशीन फिरवलं. आडवं, उभं, पुन्हा आडवं.

खड्डा क्र. १७४६. काही नाही. पुन्हा तपासलं. टिक.