अस्वल बोलत नाही

प्रिय ठकू,

आशीर्वाद आधी घेऊन ठेव, कारण पुढे मी बराच वेळ चिडलेला असणार आहे. पत्र कशाला, फोन नव्हता का, असं तू म्हणशीलच. पण फोनवर आपलं काय होतं ते तुलाही ठाऊक आहे. जेवलात का, जेवलो. गोळ्या घेतल्या का, घेतल्या. मग तू म्हणतेस, बाबा, सुट्टीत इकडे या, आणि मी म्हणतो, गुडघा दुखतोय. रविवारी तू फोन आपटलास. मोबाईल काही आपटता येत नाही म्हणा, पण मला बरोबर ऐकू आलं. तिकीट पाठवते म्हणालीस, तरी मी गुडघाच पुढे केला, आणि मग तू म्हणालीस की तुमचं आमच्यावाचून काहीच अडत नाही. तर ऐक. गुडघा ठणठणीत आहे. त्या बिचाऱ्याच्या नावावर मी इतकं खोटं खपवलंय की उद्या तो खरंच दुखला तरी कुणी विश्वास ठेवायचं नाही. मी येत नाही, कारण मला नोकरी लागली आहे.

हसू नकोस. चौकातलं ते तीन मजली खेळण्यांचं दुकान आठवतं? या दिवसांत त्याच्या दारात एक अस्वल उभं असतं. तपकिरी, पोट सुटलेलं, गळ्यात लाल बो. येणाऱ्याजाणाऱ्याला हात हलवतं, पोरांबरोबर फोटो काढतं. तर ते अस्वल म्हणजे तुझा बाप. दुकानाच्या काचेवर पाटी होती, सुट्टीपुरता उंच माणूस पाहिजे. आत गेलो. मॅनेजर माझ्या निम्म्या वयाचा. पडद्याचं कापड बघावं तसं त्यानं मला वरून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, काका, दम लागत नाही ना? मग अनुभव विचारला. मी म्हटलं, एका पोरीनं माझ्या पाठीवर बसून मला कित्येक वर्षं घोडा केलं होतं, अस्वल म्हणजे बढतीच झाली. त्याला विनोद कळला नाही, पण नोकरी मिळाली.

आता विचारशील, वेळ का आली. चष्म्याच्या दुकानातलं माझं काम गेलं, ठकू. तुला सांगितलं नव्हतं. थोरले मालक होते तोवर निभावलं. धाकट्यानं भिंग घासायचं नवं मशीन आणलं आणि मला म्हणाला, काका, तुम्ही आता आराम करा. इतक्या गोड आवाजात म्हणाला की आपल्याला काढून टाकलंय हे मला घरी पोचल्यावर कळलं. साठवलेलं होतं ते आईच्या आजारपणात गेलं. तुला वाटतं विम्यानं सगळं भरलं. विम्यानं ऐन वेळी हात वर केले. तेव्हा तुझ्या घराचे हप्ते चालू, चिंगीची शाळा नवी, मग म्हटलं कशाला पोरीच्या डोक्याला ताप. आई म्हणायची, झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ झाकली खरी, पण आत काही नाही हे दुधवाल्यापासून सगळ्यांना कळतंच की.

अस्वलाच्या आतली गंमत सांगतो. अस्वलाला डोळ्यांतून दिसत नाही. डोळे नुसते प्लास्टिकचे. तोंडात जाळी असते, तिच्यातून बघायचं. जन्मभर लोकांच्या नजरेची सोय केली आणि म्हातारपणी मी तोंडातून बघतोय, आहे की नाही मजा! आत भट्टी असते. मागच्या वर्षी जो कोण अस्वल होता त्याच्या घामाचा वास अजून टिकून आहे, त्याला काय खायला घालत होते देव जाणे. चेन पाठीवर, आपली आपल्याला लावता येत नाही. गिफ्ट गुंडाळून देणाऱ्या एक बाई आहेत, सगळे त्यांना पॅकिंगताई म्हणतात, त्या लावतात. रोज चेन ओढताना म्हणतात, श्वास घ्या काका, पुढचा संध्याकाळी मिळेल. पोरं शेपूट ओढतात, नडगीवर लाथा घालतात आणि आईबाप मोबाईल धरून म्हणतात, हाऊ स्वीट. डोक्यावरच्या स्पीकरवर दिवसभर एकच धून. ती बंद पडावी म्हणून मी नवस बोलायला तयार आहे. आणि मुख्य नियम असा की अस्वलानं बोलायचं नाही. मॅनेजरनं पहिल्याच दिवशी बजावलं, तोंडातून शब्द गेला तर पोरांचा भ्रम तुटेल आणि तुमची रोजी. आईगं म्हणायचीसुद्धा चोरी.

खेळण्यांच्या दुकानात काम करतोय, तर म्हटलं चिंगीला काहीतरी घेऊ. तिनं फोनवर सांगितलेला तो दिवे लागणारा भोवरा आहे तिथे, दुसऱ्या मजल्यावर. कर्मचाऱ्यांना सवलत असते असं ऐकलं म्हणून विचारायला गेलो, तर मॅनेजर म्हणाला, सवलत कायम माणसांना, अस्वल हंगामी आहे. दिवसभर त्या दुकानाच्या दारात उभं राहून मी जगाला आत या, आत या असं खुणावतो आणि स्वतः रिकाम्या हातानं घरी येतो. चीड येते गं. नुसती चीड येते. सगळं गाव कॅलेंडर बघून हसायला लागलंय. शेजारचे वकील जिन्यात गाठून सांगतात, मन रमवा, काळासारखं औषध नाही. औषधांची बिलं मी भरली आहेत, मला सांगताहेत!

आणि चीड तुझ्यावरही होती, लपवत नाही. आई जाऊन वर्षही झालं नाही, आणि तुझे ते मेसेज. नाचणारी पिवळी तोंडं, फुगे, या सुट्टीत धमाल करायची हं बाबा. आईचा एका शब्दानं उल्लेख नाही. मी मनात म्हणायचो, हिचं बरं आहे, नोकरी आहे, घर आहे, दिवे लावले की झालं. इतक्या लवकर विसरली पोरगी? आणि आपण तिथे जाऊन काय करायचं, सेलमध्येही न खपलेल्या मालासारखं कोपऱ्यात बसायचं? गुडघा दुखायचा तो यासाठी. तिकिटाचे पैसे तुझ्याकडून घ्यायचे नाहीत हा ताठा होता तो निराळाच.

आईवर तर मी सगळ्यांत जास्त चिडलोय. हसशील, पण खरं आहे. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर तिनं चिठ्ठ्या लावल्या होत्या आणि एकाही डब्यात चिठ्ठीवरची वस्तू नाही. साखर लिहिलंय त्यात मीठ. तिला पाठ होतं, मग चिठ्ठ्या कुणासाठी लावल्या? परवा सकाळी खारट चहा प्यालो आणि तसाच ओट्याला धरून तिच्याशी भांडलो. मोठ्यानं भांडलो. सुट्ट्या आल्या की महिनाभर आधीपासून तिची कुरकुर सुरू व्हायची, यंदा काही जमायचं नाही, यंदा हात आखडता घ्यायचा, आणि मग ऐन दिवशी प्रत्येकाच्या हातात काहीतरी असायचंच. कसं जमवायची? एकदा विचारलं तर म्हणाली, तुम्ही गप्प बसा आणि खिडकीत दिव्यांची माळ लावा. जन्मभर मी तेवढंच केलं, गप्प बसलो आणि माळ लावली. यंदा माळही काढली नाही. तिच्याशिवाय मला काही सुधरत नाही, ठकू. अस्वलाच्या आत रडता येतं, तेवढी एक सोय आहे. घामाबरोबर जातं, कुणाला कळत नाही. हात मात्र हलवत राहावा लागतो.

हे सगळं तुला कधी कळवलं नसतं. आपलं हंगाम संपेपर्यंत गुडघ्यावर भागवलं असतं. पण बुधवारी दुपारी माझ्या पायाला एका पोरीनं मिठी मारली. रोज पन्नास मारतात. ही मात्र पाय सोडेना आणि खालून वर बघून म्हणाली, आई, अस्वलाला आजोबांसारखी ढेरी आहे. जाळीतून खाली बघितलं तर आपली चिंगी! मागे तू, ठेवणीतल्या कपड्यांत, काखेत फाईल, कानाला फोन. मला वाटलं तू मला भेटायला आलीस. डोकं काढणारच होतो, तेवढ्यात तू वळलीस आणि माझ्या पोटाला पाठ टेकवून उभी राहिलीस, खांबाला टेकावं तशी. जावईबापूंशी बोलत होतीस. मुलाखत झाली, कळवतो म्हणाले, म्हणजे नाहीच म्हणायचं. मग ऑफिसनं तुमचा अख्खा विभाग बंद केल्याचं, हप्ता थकल्याचं, चिंगीला ठेवायला कुणी नव्हतं म्हणून बरोबर आणल्याचं. सगळं ऐकलं मी. तू म्हणालीस, बाबांकडे जात नाही, त्यांचा चेहरा बघितला तर रडू फुटेल. ते सुट्टीला आले असते तर चार दिवस घरात आईचं कुणीतरी असतं. आई असती तर तिच्या कुशीत शिरून सगळं सांगितलं असतं. बाबांना काय सांगायचं? काहीही सांगायला गेलं की थांब, आईला देतो म्हणायचे. आता कुणाला देतील?

मी एका कापडाच्या अंतरावर होतो, ठकू. नियमाची शपथ, नियमामुळे गप्प राहिलो नाही. खड्ड्यात गेला तो नियम. डोकं काढावं म्हटलं, तर हात आपला हलतोच आहे, हलतोच आहे. मग तू डोळे पुसलेस, चिंगीचा माझ्याबरोबर फोटो काढलास, थँक्यू काका म्हणालीस आणि स्टँडच्या दिशेनं निघून गेलीस. पॅकिंगताईंना मी खोक्यांच्या मागे फरशीवर बसलेला सापडलो. त्यांनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि मग असं काही झापलं की विचारू नकोस. म्हणाल्या, तोंडानं येत नाही तर लिहा, पण कळवा. म्हणून हे पत्र. आता उगाच कसली लाज धरू नकोस, माझी चोरी तुला कळली, तुझी मला, फिट्टंफाट झाली. ती धमाल रद्द कर आणि तिघं इकडे निघून या. दोन घरांत वेगवेगळं काही नसण्यापेक्षा एका घरात मिळून नसू दे. पांघरुणं घेऊन या, जावईबापूंना खाटेवर झोपवू. मी दिवसा कामावर असेन, चिंगीला मात्र अस्वलाचं सांगू नकोस. आणि रडायचं असेल तर इथे येऊन रड. मला आईसारखं समजावता येणार नाही, ते जन्मात जमायचं नाही. पण बुधवारी तू टेकून उभी होतीस तेवढा वेळ मी जागचा हललो नव्हतो.

तुझाच,
बाबा