कठड्याचे दगड

मोहवाडी,
ता. ११ मे १९८६

तीर्थरूप सुंदरदादास,
सत्यभामाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

वहिनींचा खोकला उतरला, वाचून बरं वाटलं. इकडं मात्र वाईट घडलं. म्हाळू धनगराची बायको कडूबाई सोसायटीच्या विहिरीत पडून गेली.

बाकीच्या विहिरी आटल्यात हे तुम्हांला ठाऊक आहेच. टँकर सोसायटीच्या विहिरीत रिकामा होतो आणि बायका काठावर दाटून शेंदतात. कठडा होता, तो गावानंच उचलून नेला. चेअरमन भगवानरावांनी गोठ्यासाठी पहिली गाडी भरली, मग ज्याला जो दगड आवडला तो त्यानं नेला. आमच्या न्हाणीतही त्यातलेच आहेत. यांना मी बोलले, तर म्हणाले, सगळा गाव नेतो, मी एकट्यानंच कशापायी सोडायचं?

परवा टँकरचं पाणी सुटताना रेटारेटी झाली आणि कडूबाई खाली गेली. मी माझा दोर सोडला. तिनं तो धरला, दादा. मला एकटीला ओढवेना. कुणीतरी हात लावा म्हणून ओरडले. रुक्मिणीबाई माझ्या पाठीशीच होती. ती म्हणाली, जागा सोडली तर रिकामी घागर न्यावी लागंल, गड्यांना हाक मार. गडी येईस्तोवर माझ्या तळहाताची साल काढत दोर निसटला.

फौजदार आठवड्याभरात जबाब घ्यायला येणार आहेत. काय बोलू ते कळवावं. धाकटीवर लोभ आहेच, तो असू द्यावा.

तुमची,
सत्यभामा


माजलगाव,
ता. १५ मे १९८६

चि. सौ. सत्यभामा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र ऐकून तुझ्या वहिनीनं डोळ्यांना पदर लावला. झालं ते वाईटच, पण तू कठड्याचं नाव काढू नकोस. काढलंस तर पहिली तुझीच न्हाणी उकरतील आणि तुझे मालक रामकिसनराव अडकतील. मला इथं गोदामावर भगवानरावांनीच चिकटवलं, हेही ध्यानात धर. काल ते येऊन गेले. म्हणत होते, बाई उपाशी असंल, उन्हानं चक्कर आली असंल. तूही तेवढंच सांग. गेलेलं माणूस काही माघारी येत नाही.

तू लहानपणापासून पुढं पुढं करतेस, शाळेत मास्तरांनाही सोडलं नाहीस, म्हणून पुन्हा बजावतो. हाताला हळद लाव. लेकरांना आशीर्वाद.

तुझं भलं चिंतणारा,
सुंदरराव


मोहवाडी,
ता. २९ मे १९८६

तीर्थरूप दादास,
सत्यभामाचा नमस्कार.

तुमचं ऐकलं नाही. फौजदारांना सगळं सांगितलं, आमच्या न्हाणीसकट. ते हसून म्हणाले, मग काय अख्ख्या गावाला बेड्या घालू?

त्यानंतर बायकांचे जबाब झाले. रुक्मिणीबाईनं सांगितलं की कडूबाई चांगली वर येत होती, सत्यभामानंच दोर सोडला. तिच्यामागं एकेकीनं तेच सांगितलं. भगवानराव म्हणाले, पोरीच्या हातून चूक झाली, गावानं सांभाळून घ्यावं. त्यांनी मला माफ केलं, दादा! आमचे हे तिथंच बसलेले होते. त्यांनीही त्या जबाबावर सही केली. घरी आल्यावर म्हणाले, अपघात म्हणून मिटलं, तुझ्यावर काही येत नाही, आता गप बस.

म्हाळू काल मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं गेला. जाताना दारात उभा राहिला. मला वाटलं, शिव्या देईल. त्यानं एवढंच विचारलं, दोर तुमच्या हातून सुटला का तिच्या? मी हात पुढं केले. त्यानं साल गेलेले तळहात बघितले. मग म्हणाला, ह्या गावात मी खरं कुणाचं मानू, अक्का?

आता बायका विहिरीवर माझ्याशेजारी उभ्या राहत नाहीत. भगवानराव तुमच्याकडं येतील, तेव्हा मी तुम्हांला कठड्याचं लिहिलं होतं हे सांगू नका. तुमची नोकरी राहू द्या. लोभ असावा असं दर खेपेला लिहीत आले. या खेपेला लिहवत नाही.

सत्यभामा